पहिल्या फटक्याआधी

३ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

लहानपणी तू एका जागी दोन मिनिटं टिकायची नाहीस म्हणून हे नाव पडलं. आता तू दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांना हलवतेस, त्यांचे आखडलेले हातपाय सोडवतेस. तेव्हा तुझ्या हद्दीतलं एक काम सांगतो.

माझं गोल्फ बिघडलंय. हसू नकोस. पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं नकाशे काढले, मग निवृत्त झालो. पण शनिवार सकाळ मी आणि माझ्या वकील मित्रानं बावीस वर्षांत चुकवली नाही. गावाबाहेरचं ते नगरपालिकेचं मैदान, नऊ होलांचं, तुला आठवत असेल. हल्ली तिथले पहिले दोन-तीन होल म्हणजे नुसती फजिती. अंग लाकूड झालेलं असतं. उजवा खांदा वर जायलाच तयार नाही. परवा पहिल्या टीवरून, म्हणजे खेळ सुरू करतो त्या जागेवरून, मारलेला चेंडू उजवीकडच्या झुडपात घुसला आणि आतून एक मांजर शेपटी फुगवून बाहेर पडलं. वकील म्हणाला, "समन्स बजावलंस तर. आता चेंडू शोध."

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, खांदा आखडलाय, वयानं होतं, शेका. आठ महिने शेकतोय. मी भाजून निघालो, खांदा आहे तिथेच आहे.

मैदानावर एक शाळामास्तरीण येते. खेळण्याआधी पाव तास वाकते, वळते, हात फिरवते आणि मग तिचा पहिलाच चेंडू सुतासारखा सरळ जातो. वकील तिच्या या प्रकाराला थेरं म्हणतो. मी नुसता बघतो. तर खेळण्याआधी अंग कसं मोकळं करायचं ते मला लिहून पाठव. क्रमानं आणि मोजमापासकट. ढोबळ लिहिलंस तर दुरुस्तीला परत पाठवीन.

मामी मजेत. तिचं म्हणणं, मी हल्ली पुटपुटतो. माझं म्हणणं, तिला कमी ऐकू येतं. यावर दिवसातून चार वेळा चर्चा होते.

तुझा मामा

९ नोव्हेंबर

मामा,

वकीलकाकांना सांगा, थेरं नाहीत ती. अंथरुणातून उठवून कुणाला थेट जिना चढायला लावलं तर तो कुरकुरणारच. तुम्ही खांद्याला रोज तेच करायला लावताय.

मैदानावर पंचवीस मिनिटं आधी पोचा. गाडीतून उतरल्यावर पहिली पाच मिनिटं नुसतं भरभर चाला, कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत. थंड अंग ताणायचं नाही. आधी ऊब, मग हालचाल. मग क्लब जमिनीवर काठीसारखा टेकवून एका हातानं धरा आणि एकेक पाय पुढे-मागे झुलवा, दहा-दहा वेळा. त्यानंतर क्लब दोन्ही खांद्यांवर आडवा घेऊन कमरेतून डावीकडे-उजवीकडे वळा. सावकाश, पण प्रत्येक वेळी मागच्या वेळेपेक्षा थोडं जास्त. धक्का देऊन वळायचं नाही, आणि दुखलं तर तिथेच थांबायचं. मग खांद्यांची वर्तुळं, आधी लहान, मग मोठी. मनगटं शेवटी.

एवढं झालं की चेंडू. पण ड्रायव्हरला, त्या सगळ्यात लांब क्लबला, लगेच हात लावू नका, तो मोह सगळ्यांना होतो. सगळ्यात आखूड क्लबनं अर्धे-अर्धे स्विंग करा, मग मधला क्लब घ्या, आणि पहिल्या टीवर जो वापरणार त्यानं शेवटचे तीन-चार फटके मारा. वीस चेंडूंच्या पुढे जायचं नाही. ताकद मैदानासाठी ठेवायची. निघताना हिरवळीवर थोडं पटिंग करा, चेंडू हळूच खड्ड्याकडे ढकलत, म्हणजे हाताला वेग कळतो.

आता माझे प्रश्न. मोजमापासकट उत्तरं हवीत. चालताना तुमचे दोन्ही हात सारखे हलतात का? मामीला बघायला सांगा, स्वतः बघू नका. शर्टाची बटणं लावायला पूर्वीइतकाच वेळ लागतो का? सकाळी कॉफीचा वास येतो का? आणि तुमचं हे पत्र तुम्ही एका बैठकीत लिहिलंत की थांबत थांबत?

उत्तर हातानंच लिहा, टाइप करून पाठवू नका. तुमचं अक्षर बघायला मला आवडतं.

भिंगरी

२१ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

दोन शनिवार तुझा कार्यक्रम केला. पहिल्या शनिवारी गाड्या लावतात त्या जागेत चालत होतो. वकील काच खाली करून म्हणाला, "काय रे, किल्ली हरवली का?" पाय झुलवताना त्यानं आपली टोपी माझ्यापुढे जमिनीवर उलटी ठेवली, आणि एका सभ्य बाईनं खरंच त्यात डोकावून पाहिलं.

पण फरक आहे. दुसरा होल मी पाच फटक्यांत काढला. डावी बाजू तर छान सुटली. उजवी तुझं ऐकते, पण सरकारी कचेरीसारखी. अर्ज आज द्यायचा, काम परवा. वळताना डावीकडे खांद्यावरून मागचं झाड दिसतं, उजवीकडे फक्त कुंपण. कोन मोजला, सोबत आकृती जोडली आहे.

तुझ्या प्रश्नांची गंमत वाटली. दवाखान्यात असं काहीबाही विचारायची सवय लागते वाटतं. मामीनं मला रस्त्याच्या टोकापर्यंत पाठवलं आणि दारातून ओरडली, "उजवा हात खिशात घातल्यासारखा चालतोस!" खिशात नव्हता. पण बावीस वर्षं त्या खांद्यावर बॅग आहे, हात आज्ञाधारक झाला असेल. बटणांचं म्हणशील तर हल्ली बटणंच बारीक करतात. कॉफीचा वास: मामीनं गेल्या आठवड्यात दूध करपवलं. शेजारीण धावत आली, मी त्याच स्वयंपाकघरात पेपर वाचत होतो. म्हणजे वाचनात एकाग्रता आहे असं धर.

पत्र एका बैठकीत लिहिलं. का विचारलंस?

तुझा मामा

२७ नोव्हेंबर

मामा,

आकृती झकास. दवाखान्यात सगळ्यांना दाखवली.

व्यायाम तसाच चालू ठेवा, फक्त उजवीकडच्या हालचाली मुद्दाम मोठ्या करा. आपल्याला वाटतं त्याहून दुप्पट मोठ्या. मोठ्यानं मोजा. वकीलकाका हसले तर हसू देत.

खांद्यासाठी मात्र एकदा नीट दाखवून घ्या. तुमच्या गावातल्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोन दिवस येतात. खांद्याचं त्यांना चांगलं कळतं. मी बोलले आहे त्यांच्याशी आणि वेळही घेतली आहे: ८ डिसेंबर, सकाळी अकरा, दुसरा मजला, खोली चौदा. मामीला बरोबर न्या. न्याच.

भिंगरी

९ डिसेंबर

भाचीबाईंस,

दुसरा मजला, खोली चौदा. दारावर पाटी: मेंदू व मज्जातंतूंचे विकार. खांदा माणसाच्या डोक्यात असतो हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

मामीला नेलं नव्हतं. उगाच कशाला तिला तिष्ठत ठेवायचं, खांदाच तर दाखवायचा आहे, असं वाटलं. बाकावर शेजारी एक गृहस्थ बसले होते, माझ्याहून लहान असतील. त्यांची बायको त्यांच्या कोटाची बटणं लावत होती आणि ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. माझं नाव पुकारलं तेव्हा मी जिना उतरत होतो.

मी तुझ्याकडे व्यायाम मागितला होता. आजार मागितला नव्हता. तुला काही वाटलं असेल तर ते मला सांगायचं होतं. फसवून न्यायला मी कुणी लहान मूल नाही, आणि पाटी मला अजून वाचता येते.

मामा

१३ डिसेंबर

मामा,

तुमचं बरोबर आहे. मी खोटं बोलले.

आता खरं लिहिते. तुमच्या पहिल्या पत्राची पहिली ओळ नेहमीसारखी होती. छापल्यासारखी अक्षरं, सगळी एका उंचीची. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत ती बारीक होत गेली, आणि "तुझा मामा" वाचायला मला चष्मा पुसावा लागला. नकाशे काढणाऱ्या माणसाचं अक्षर पानाच्या तळाशी निम्मं झालं होतं. त्यात एका बाजूचा आखडलेला खांदा, पुटपुटणं, न हलणारा हात, न आलेला वास. एकेकटी गोष्ट कुणाचीही असते. सगळ्या एकत्र आल्या की मी रोज ज्या माणसांबरोबर काम करते त्यांची आठवण होते. याला कंपवात म्हणतात. तोच आहे असं मी म्हणत नाही; तपासल्याशिवाय म्हणता येत नाही, आणि तो अधिकार माझा नाहीच, त्या बाईंचा आहे.

मी अनोळखी माणसांशी रोज याबद्दल बोलते, मामा. खुर्ची जवळ ओढते, पाण्याचा पेला पुढे करते आणि बोलते. तुम्हाला लिहायला बसले की हात पुढे जाईना. मला सायकल शिकवताना तुम्ही पाठीमागून धावत होतात, तेच दिसत राहिलं. म्हणून खांद्याच्या आड लपले. तुमच्यासाठी नाही, स्वतःसाठी लपले.

एवढंच सांगते, की यावर औषधं आहेत आणि माणसं पुष्कळ वर्षं चांगली हिंडतात-फिरतात. लवकर कळलेलं बरं असतं. आणि मी लिहून दिलेला व्यायाम खोटा नव्हता. त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

रागवा. पण जा.

तुमची भिंगरी

१८ जानेवारी

चि. भिंगरी,

मी मामी. मला पत्रं लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घे. तुझ्या मामाला न सांगता लिहितेय.

तुमच्यात काय झालंय ते मला कुणी सांगत नाही. तुझं शेवटचं पत्र आलं ते त्यानं वाचलं, घडी घातली आणि नकाशांच्या खणात ठेवून कुलूप लावलं. त्या खणाला कुलूप आहे हेच मला लग्नाला एवढी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. तेव्हापासून तो एकाही शनिवारी मैदानावर गेलेला नाही. वकिलांना सांगितलं, खांदा दुखतो. ते बिचारे दर शनिवारी सकाळी येतात, बॅग गाडीतच असते, बैठकीत बसून दोघं हवापाण्यावर बोलतात आणि ते निघून जातात. गेल्या शनिवारी जाताना मला फाटकाशी म्हणाले, "वहिनी, माझं काही चुकलं का?"

पण एक सांगायचं आहे. तो कुठे जात नाही, तरी रोज सकाळी मागच्या ओट्यावर तुझा तो सगळा व्यायाम करतो. तुझा कागद कपड्यांच्या दोरीला चिमट्यानं लावतो आणि चालणं, पाय झुलवणं, खांद्यांवर काठी घेऊन वळणं, अगदी मोठमोठ्यानं मोजत. परवा मोजता मोजता अकरावर थांबला. पाच मिनिटं झाली तरी बारा येईना म्हणून मी डोकावले. नुसता उभा होता, उजव्या हाताकडे बघत. मी मागे फिरले. त्याला कळलं नाही.

तू त्याची लाडकी. काय आहे ते मला सांग, म्हणजे मी त्याच्याशी तसं वागेन.

मामी

२३ जानेवारी

मामी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला सांगता येण्यासारखं असतं तर कालच गाडीत बसले असते. पण हे त्यांनीच तुला सांगायला हवं. मी एकदा त्यांच्या पाठीमागून काम केलं आणि त्याचं काय झालं ते तू बघतेच आहेस. पुन्हा नाही करणार.

एक कर. उद्या सकाळी त्यांच्याबरोबर ओट्यावर जा. विचारू काहीच नकोस. नुसती शेजारी उभी राहा आणि ते करतील ते कर. तुझ्या गुडघ्यांनाही चांगलं आहे ते.

भिंगरी

४ मार्च

प्रिय भिंगरी,

अक्षर बघ. तळापर्यंत टिकवायचा प्रयत्न करतोय. रेघांची वही घेतली आहे आणि प्रत्येक अक्षर मुद्दाम मोठं काढतोय, बालवर्गात काढायचो तसं.

मामी एक दिवस कंबर कसून ओट्यावर आली आणि माझ्या शेजारी पाय झुलवायला लागली. तिच्या हातात क्लबऐवजी झाडू होता. मी म्हटलं, "तुला काय झालंय?" ती म्हणाली, "मला काही नाही झालेलं. तुला झालंय, आणि ते तू मला सांगत नाहीस." मग आम्ही दोघं ओट्याच्या पायरीवर बसलो आणि मी तिला तुझं पत्र वाचायला दिलं. वाचून ती म्हणाली, "पुटपुटत होतास ना?" एवढंच. मग रडली. मग दवाखान्यात पोहोचायला किती वाजता निघायचं ते विचारलं.

३० जानेवारीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी बोटं उघडझाप करायला लावली, चालायला लावलं, एक वाक्य लिहायला लावलं. पाऊण तास तपासलं. तू म्हणालीस तेच आहे, सुरुवात आहे म्हणाल्या. गोळ्या चालू केल्या, दर दोन महिन्यांनी बोलावलंय. तुझा कागद मी बरोबर नेला होता. त्यांनी तो चष्मा वर करून संपूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "हे लिहिणाऱ्या मुलीला सांगा, यातलं काही बदलायचं नाही."

आता तुला एक सांगायचं आहे, आणि ते सांगायला मला तीन महिने लागले. तू लपवलंस म्हणून मी तुझ्यावर चिडलो. पण लपवत मीच होतो. शेजाऱ्यांच्या दारासाठी गेल्या उन्हाळ्यात मी एक पाटी रंगवली. चार शब्दांची. सुकल्यावर लांबून पाहिलं तर शेवटचा शब्द पहिल्यापेक्षा लहान. ज्या माणसानं आयुष्यभर अर्ध्या मिलिमीटरवरून कनिष्ठांना बोल लावले, त्याला ते दिसणार नाही होय? पाटी पुसली, पुन्हा रंगवली, पुन्हा तेच. त्या दिवसापासून मला माहीत होतं की हा खांदा नाही. काय आहे ते माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं. तुझ्याकडे व्यायाम मागितला तो एवढ्याच आशेवर की तू म्हणशील, मामा, तुम्ही नीट अंग गरम करत नाही, बाकी काही नाही. पहिल्या दोन शनिवारी मला ते जवळजवळ पटलंही होतं. म्हणून दवाखान्यातल्या दारावरची ती पाटी वाचून एवढा संताप आला. तुझा नव्हता तो.

वकिलाला सांगणं सगळ्यात जड गेलं. का ते ऐक. गोल्फमध्ये चेंडू खड्ड्याच्या अगदी तोंडाशी असला की समोरचा म्हणतो, "दिला, उचल." म्हणजे तो फटका मारल्यात जमा. वकिलानं बावीस वर्षांत मला वीतभर अंतराचा फटकासुद्धा कधी दिलेला नाही, आणि मीही त्याला नाही. मला त्या आजारापेक्षा जास्त भीती कशाची वाटत होती, तर एक दिवस हा माणूस मायेनं माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, "दिला." त्या दिवसापासून आम्ही खेळणार नाही, तो मला फिरवून आणणार. म्हणून मी खांद्याचं कारण सांगून घरी बसलो.

आज सकाळी तो नेहमीसारखा आला. मी बॅग घेऊन दारात उभा होतो. त्यानं डिकी उघडली. मैदानावर चालायला लागलो तेव्हा सांगून टाकलं, सगळं, आजाराच्या नावासकट. चालता चालता, कारण त्याच्याकडे बघावं लागत नव्हतं. त्यानं आपली टोपी सारखी केली. मग म्हणाला, "म्हणजे मांजराला काही दोष नव्हता." आणि थोड्या वेळानं, "हे पाय झुलवायचं कुठल्या हातानं धरून?" मी दाखवलं. तो झुलवताना पडता पडता वाचला. मास्तरीणबाई आमच्याकडे बघून टाळ्या वाजवत होत्या.

पहिला चेंडू सरळ गेला. फार लांब नाही, पण कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या मधोमध. दुसरा होलही बरा. पाचव्यावर पाय जरा चिकटल्यासारखे झाले, तेव्हा तुझं ऐकलं; थांबलो, मोठ्यानं मोजलं आणि मोठं पाऊल टाकलं. वकील पुढे जाऊन बुटाची नाडी बांधत बसला. ती सुटलेली नव्हती.

नवव्या होलवर माझा चेंडू खड्ड्यापासून दोन फुटांवर थांबला. तोपर्यंत मी तेरा फटक्यांनी मागे होतो, सामना कधीच संपला होता. चेंडूपाशी उभा राहिलो आणि उजवा हात थरथरायला लागला. चांगलाच दिसेल इतका. मी वर पाहिलं नाही. तो आता बोलणार याची वाट बघत उभा राहिलो. तो बोलला.

"घाल की लवकर. भूक लागलीय मला."

मी मारला. चेंडू कडेवरून वळून बाहेर गेला. "चौदा," वकील म्हणाला, आणि कार्ड काढून माझ्यासमोर लिहिलं.

घरी आलो तेव्हा मामी दारातच होती. कोण जिंकलं विचारलं. म्हटलं वकील, चौदा फटक्यांनी. ती म्हणाली, "मग एवढा खुशीत का आहेस?" मी सरळ टेबलाशी येऊन बसलो. तुला कळेल असं वाटलं, म्हणून आधी हे पत्र लिहितोय, बूट मग काढीन.

तुझा मामा